गुण्याखालचा उजेड

आमच्या यांचं मन एखाद्या बाईवर बसलं असतं, तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण यांचं मन बसलं होतं गंजक्या लोखंडावर. त्याचं मी काय उपटणार?

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आम्ही माजरीकडे एका कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्रीभाऊ म्हणायचे. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या, त्यामुळे घरात उरलो आम्ही दोघं आणि यांची हत्यारं. हत्यारं म्हणजे तलवारी-भाले नव्हेत. फिटरची हत्यारं म्हणजे पाने, कानशी, छिन्न्या, जाडी मापायचे कॅलिपर, काटकोन बघायचा गुण्या. गोरे साहेब गेले, त्यांच्या वेळच्या गिरण्या आणि यंत्रं मोडीत निघाली, आणि त्यांच्यासोबतची ही चांगली पोलादी हत्यारं भंगारात वजनावर विकली जाऊ लागली. यांना ते बघवत नसे. आठवड्याच्या सुटीला हे चांद्याच्या बाजारात जायचे आणि पिशवीत भाजीऐवजी लोखंड घेऊन यायचे.

मी दारातच विचारायची, "काय उजेड पाडला आज?"

"हे पाह्य," म्हणून हे पिशवी ओतायचे. "चांगल्या घरची लेकरं हायेत. दिवस फिरले बिचाऱ्यांचे."

ती चांगल्या घरची लेकरं माझ्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर तांबडे डाग पाडायची. मी बडबडायची आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. नवरा-बायकोचं असंच असतं म्हणा. एकाचं तोंड चालतं, दुसऱ्याचे हात चालतात.

हात मात्र खरंच बघण्यासारखे चालायचे. नवीन आलेलं हत्यार हे आधी घासलेटात बुडवून ठेवायचे. त्यासाठी माझा एक पितळी गंज, डाळ शिजवायचं भांडं, कायमचा बाद झाला होता. चांगलं भिजलं की विटेची पूड आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसायचे. मग राख, मग जवसाचं तेल. आमच्याकडे जवस घरोघरी, त्यामुळे तेलाची ददात नव्हती. पण भाजीत थेंब पडायचा तो आधी पान्यावर पडायचा. एखाद्या कॅलिपरच्या दोन टांगा एकमेकींना चिकटून बसलेल्या असायच्या. हे जोर करायचे नाहीत. रोज एक थेंब तेल घालायचे, हातात धरून थोडी ऊब द्यायचे, पुन्हा ठेवून द्यायचे. एक दिवस ती टांग आपोआप हलायची, आणि हे असे खूश व्हायचे की मला वाटे, मुली झाल्या तेव्हा हे इतके हसले होते का?

मी एकदा चिडून म्हटलं, "फेकून द्या न जी. मेलं हाय ते."

"मेलं नाई. गंज म्हंजे मरण नोहे," हे म्हणाले. "वरून कितीबी खाल्लं असंल, पहिले गंज काढून पाहाव. आतलं पोलाद शाबूत असंल त ते उठते."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे तेच मला उपयोगी पडलं.

हळूहळू मीही त्या कामात ओढली गेले. बाई रिकामी बसलेली बघवत नाही ना कोणाला! आधी नुसतं घासणं माझ्याकडे आलं, मग यांनी मला बघायला शिकवलं. गुण्या म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा, एक जाड पाय आणि त्याला काटकोनात बसवलेली एक पातळ पट्टी. तो सरळ आहे की नाही हे कसं बघायचं? सपाट घासलेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर त्याची कड टेकवायची, खिडकीसमोर धरायचा आणि दोघांच्या सांध्यातून बघायचं. कड सरळ असेल तर सांधा काळा दिसतो. कुठे केसभर जरी खोल असेल, तर तिथून बारीक उजेड येतो. आलेला उजेड बघून त्याप्रमाणे कड घासायची आणि पुन्हा धरायची. साऱ्या जगाला उजेड हवा असतो, फिटरला तेवढा नको असतो. वर्कशॉपमध्ये "उजेड हाय" म्हणजे काम वाया गेलं, आणि "उजेड नाई" म्हणजे मिस्त्रीनं कमाल केली.

त्या पावसाळ्याच्या आधी आलापल्लीकडच्या जंगलातली एक जुनी आरागिरणी मोडीत निघाली. सागवानाचे ओंडके आणायला निघालेल्या ट्रकवर बसून हे तिकडे गेले, आष्टीजवळ नावेतून वैनगंगा ओलांडली, आणि परत आले ते अंगभर भुसा आणि मांडीवर एक लाकडी पेटी घेऊन. पेटीला वाळवी लागलेली होती. आत मुंगसानं घर केलं असेल असा वास. पण तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक मोठा गुण्या होता, माझ्या कोपरापर्यंत पोहोचेल एवढा. पट्टी गंजलेली, पण वाकलेली नव्हती.

"यंदा दसऱ्याले वर्कशॉपच्या पूजेत हाच मांडीन," हे म्हणाले.

सारा पावसाळा त्या गुण्यावर गेला. त्यासाठी यांनी मारुतीच्या शेंदराची पुडी आणून तेलात कालवली. मी हात जोडायला निघाले तर हे म्हणाले, देवासाठी नाही, लोखंडासाठी आहे. ठोकळ्यावर शेंदराचं पातळ बोट फिरवायचं, त्यावर पट्टीची कड घासायची, जिथे लाल लागेल तो उंचवटा, तेवढाच तासायचा. मी म्हटलं, मारुतीराया बघत असेल तर काय म्हणत असेल! हे म्हणाले, तो पडला ब्रह्मचारी, त्यालाही घरात वेळ काढायला काहीतरी हवंच होतं. यांचा विनोद असा. हसावं की नाही, कळत नसे.

दसरा जवळ आला. एका दुपारी हे खिडकीशी बसले, गुण्या ठोकळ्यावर टेकवला, मान तिरकी करून सांध्यातून पाहिलं आणि मला हाक मारली.

"अवं, इकडं ये. पाह्य. रेघभर उजेड नाई."

मी त्यांच्या खांद्यामागून वाकून पाहिलं. उजेड होता. पट्टीच्या मधोमध, दोरा ओवता येईल असा स्वच्छ, पांढरा उजेड. मला वाटलं, हे थट्टा करताहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. पोर झोपवून उठलेल्या आईसारखं समाधान होतं तोंडावर. मी मागे सरले. पदराला हात पुसत चुलीकडे गेले आणि डाळीला फोडणी द्यायच्या ऐवजी नुसती उभी राहिले.

मग एकेक आठवायला लागलं. यांनी सुईत दोरा ओवायचं सोडलं होतं. पोथीची पानं आपणच उलटायचे, पण वाचायला मला सांगायचे. म्हणायचे, तुझ्या तोंडून गोड लागते. आणि मी वेडी, लाजले होते!

पुढच्या बाजाराला मीही सोबत गेले. भंगारवाले चाचा यांच्याच वयाचे, यांची खोड जाणणारे. चांगलं हत्यार आलं की वेगळं काढून ठेवायचे. हे ढिगात हात घालून बसले तसे चाचा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, बुरा मानू नका. भाऊ पहिले दुरूनच बोट दाखवत होते, वो वाला दे म्हणून. आता समदं चाचपून राह्यले. मागच्या बारीले चिरलेला हातोडा उचलला होता. म्या बदलून दुसरा टाकला पिशवीत. सांगाव कसं, म्हणून चूप राह्यलो."

मी यांच्याकडे पाहिलं. ढिगाकडे त्यांचं तोंडच नव्हतं. तोंड समोर रस्त्याकडे, आणि बोटं लोखंडात फिरत होती.

खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. मला सांगितलं नाही! रोज ताटात मीठ कमी-जास्त झालं तरी मला सांगतात, आणि एवढी मोठी गोष्ट गिळून बसतात! घरी आल्यावर मी गुण्या स्वतः काढला, ठोकळ्यावर टेकवला आणि एका टोकाखाली आगपेटीची काडी सरकवली. मग खिडकीशी धरून म्हटलं, "पाहा बरं जी. कड घासली म्या. जमली का?"

यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उजेड नाई," हे म्हणाले. "चांगला बसला हात तुया."

"काडी हाय मधात," मी म्हटलं.

बोट पुढे करून त्यांनी सांधा चाचपला. काडी लागली. ती ओढून काढली, चिमटीत धरून फिरवली आणि मग जे भडकले!

"आपल्या माणसाची परीक्षा घेते? लाज नाई वाटत?"

"आपल्या बायकोपासून डोये लपवता, तुमाले वाटते का?"

पण त्याही रागात यांनी गुण्या आपटला नाही. फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला, झाकण लावलं, आणि मग पेटीला लाथ मारली. मला त्या क्षणी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. हे भिंतीला टेकून खाली बसले. मी जवळ जाऊन पहिल्यांदाच नीट डोळ्यांत पाहिलं. बुबुळाच्या काळ्यात भाताच्या पेजेवर साय धरते तसा पांढरा पडदा होता. एकात दाट, दुसऱ्यात जरा पातळ. रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईला तो दिसू नये! पण हे जेवताना मान खालीच घालायचे.

थोड्या वेळानं यांचा चेहरा एकदम उतरला. रागाचा पत्ता नव्हता.

"म्हंजे मले उजेड दिसतच नाई," हे म्हणाले. "मले वाटत होतं काम झ्याक होऊन राह्यलं. इतकं चांगलं काम म्या जवानीतबी नोहतं केलं."

आणि मग, "डब्ब्यांच्या पिना," एवढंच म्हणाले.

खाणीतून कोळशाचे लोखंडी डबे एकमेकांना जोडून चढावरून वर ओढले जात. त्यांना जोडणाऱ्या पिना हे करून द्यायचे. एखादी पीन सुटली तर मागचे डबे उताराला लागायचे, आणि खाली माणसं असायची. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले ते सरळ फोरमनकडे. माझे डोळे गेले आहेत, मी केलेल्या पिना काढून सगळ्या दुसऱ्याकडून मापून घ्या, असं यांनी स्वतः सांगितलं. काही पिना बारीक निघाल्या. त्या वेळेत बदलल्या गेल्या, कोणाला काही झालं नाही. फोरमन माणूस बरा होता. आरडाओरडा केला नाही. यांना कामाच्या बाकावरून उठवून हत्यारांच्या कोठीत बसवलं आणि म्हणाला, मिस्त्री, डोळे बनवून आणा, नाही तर मी तुम्हाला फार दिवस ठेवू शकणार नाही, आणि मग क्वार्टरही जाईल.

क्वार्टर जाईल याची मला भीती वाटली, पण तेवढी नाही. हे घरी आल्यावर पेटीकडे फिरकेनात, याची जास्त वाटली. दसरा आला आणि गेला, गुण्या पेटीतच राहिला. भिजत घातलेला पाना घासलेटात तसाच पडून राहिला. मी मुद्दाम विचारलं, "काय उजेड पाडला आज?" हे चिडलेसुद्धा नाहीत. ओसरीवर बसून राहिले. माझ्या भांडखोर नवऱ्याला कोणी उचलून नेलं आणि तिथे एक गरीब पाहुणा आणून बसवला, असं झालं होतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात हे साऱ्यांना ठाऊक होतं. हे नाव काढू देत नव्हते. कारण यांच्या वडिलांना मोतीबिंदू झाला तेव्हा गावात फिरता सुईवाला आला होता. त्यानं अंगणात बसवून डोळ्यात सुई घातली, पडदा बाजूला ढकलला, दोन दिवस दिसलं, दक्षिणा घेऊन तो पुढच्या गावाला गेला, आणि मग डोळा पिकला. म्हातारा पुढे मरेपर्यंत दोरी धरून विहिरीवर जायचा. ती दोरी बांधलेली यांनी पाहिली होती. बांधलीही यांनीच होती.

मी समजावलं, रागावले, अबोला धरून पाहिला. अबोला मला जमत नाही, तो माझाच मोडला. शेवटी एक दिवस मी तो घासलेटातला पाना काढला, घासून पुसला आणि यांच्या हातात ठेवला.

"पाहा. उठला का मेला?"

यांनी अंगठा फिरवला. "उठला."

"वरून गंज होता नुसता. आतून शाबूत. तुमीच म्हणता न? मग डोयाचंच काऊन मेलं म्हणून बसले?"

"गंज काढणाऱ्याचा हात चांगला पायजे," हे म्हणाले. "माया बापाच्या डोयात ज्यानं सुई घातली..."

"म्हणून त चांगल्या हाताकडं जाऊ. तुमी आपला एक पाना तरी कोण्या ऐऱ्यागैऱ्याले घासू देल्ला का आजवर?"

हे बराच वेळ पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुले देल्ला."

मी उठून गाठोडं बांधायला घेतलं, यांचं मन बदलायच्या आत.

पॅसेंजरनं वर्ध्यावरून नागपूर गाठलं. ऑपरेशन झालं एका डोळ्याचं, जो जास्त गेला होता त्याचं. तेव्हाची रीत फार कडक होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. हलले तर डोळा फुटेल, असं सिस्टरनं बजावलं होतं. ज्या माणसाचे हात जन्मात कधी रिकामे राहिले नाहीत, तो असा कसा पडणार? यांचे हात चादरीवर वळवळायला लागले की त्यांच्यामागे खांदे हलायचे, आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

मी गाठोड्यात एक छोटा कॅलिपर आणून ठेवला होता. कशाला आणला, तेव्हा मलाही कळलं नव्हतं. चादरीखालून तो यांच्या मुठीत सरकवला. बोटं त्याच्यावर मिटली. हळूच उघडलं, मिटलं, उघडलं. खांदे शांत झाले. मग दिवसभर यांनी चादरीखाली काय काय मापलं, ते यांनाच ठाऊक. गादीची कड, खाटेचा दांडा, माझ्या बांगडीची जाडी. सिस्टरनं एकदा चादर उचलली आणि कपाळाला हात लावला. "बाई, हे काय लोखंड? ऑपरेशन डॉक्टरांनी केलं की यांनी?" मी म्हटलं, "सिस्टर, राहू द्या. हेच यांना झोपवून राह्यलं." ती म्हातारी सिस्टर समजूतदार होती. तिनं चादर परत घातली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

पट्टी सुटली तेव्हा यांना दिसलं ते सगळं वितळल्यासारखं. माणसं आहेत, भिंत आहे, पण कड कशालाच नाही. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, चष्मा लागेल, डोळा भरायला वेळ द्या. आम्ही घरी परतलो. हिरव्या कापडाची झापड लावून हे ओसरीवर बसायचे. या दिवसांत मी देवाला काय काय बोलले, ते लिहीत नाही.

मग पुन्हा नागपूर. चष्मेवाल्यानं बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा यांच्या नाकावर चढवला. त्या काचेमागे यांचा डोळा म्हशीच्या डोळ्याएवढा मोठा दिसायला लागला. हे एकदम ताठ बसले. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो वाचला. दाराबाहेर कडुनिंब होता, त्याच्याकडे पाहिलं. आपले हात समोर धरले, उलटसुलट केले, नखांतला काळेपणा पाहिला. चष्मेवाला विचारत होता, बरोबर आहे का, जड वाटतो का.

मग हे माझ्याकडे वळले. डोक्यावरून माझा पदर मागे सरला होता, तो मी सावरायला गेले, तर यांनी माझा हात धरला. चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. यांचा तो मोठा झालेला डोळा माझ्या कपाळावरून वर गेला आणि तिथेच थांबला.

"तुये केस," हे म्हणाले. "तुये केस कवा पांढरे झाले?"

मला वाटलं होतं, मी आनंदानं रडेन, नाही तर पायाच पडेन यांच्या. पण तोंडातून निघालं ते माझंच.

"तुमच्या डोयादेखत," मी म्हटलं.